तीन लाखांचा माईक आणि दहा बाय दहाची खोली

महिन्यातून दोन-तीन वेळा मला एकच फोन येतो. पलीकडे कुणी भजनी मंडळात गाणारं असतं, कुणी भावगीतं म्हणणारं, कुणी कॉलेजातला रॅपर. प्रश्न ठरलेला: "घरी गाणं रेकॉर्ड करायचंय, माईक कोणता घेऊ?" मी उलट विचारतो, "खोली केवढी आहे? पंखा बंद करून किती वेळ गाता येतं?" समोरचा हिरमुसतो. त्याला नाव आणि किंमत हवी असते आणि मी पंख्याचं विचारत बसलेलो असतो.

पण गोम तिथेच आहे. गाण्यासाठीचा माईक बाजारात दीड हजारालाही मिळतो आणि न्यूमन कंपनीचा यू ८७ घ्यायचा तर तीन लाखांच्या आसपास मोजावे लागतात. दीड हजार आणि नऊ हजार यांतला फरक कुणालाही कळतो. नऊ आणि पंचवीस हजारांतला फरक शांत खोलीत, बऱ्या हेडफोनवर कळतो. पंचवीस हजार आणि तीन लाखांतला फरक मात्र आपल्या बेडरूममध्ये बहुतेक वेळा कळतच नाही, कारण माईकच्या आधी खोलीच बोलायला लागते. म्हणून या लेखात माईकपर्यंत मी जरा उशिरा पोचणार आहे. घाईत असाल तर खुशाल पुढे उड्या मारा, फक्त पहिल्या दोन पायऱ्या गाळू नका. त्यांना पैसेही फारसे लागत नाहीत.

पहिली पायरी: खोली ऐका

ज्या खोलीत गाणार आहात तिथे, ज्या वेळी गाणार आहात त्याच वेळी, डोळे मिटून दोन मिनिटं स्वस्थ बसा. काय काय ऐकू येतं ते कागदावर लिहा. फ्रिजची घरघर, गच्चीवर पाणी चढवणारा पंप, खालच्या रस्त्यावरची रिक्षा, शेजारच्या कुकरची शिट्टी, पंखा. आता या यादीचे दोन भाग करा. शिट्टी, रिक्षा, कुत्रं हे येऊन जाणारे आवाज. ते आले की ओळ पुन्हा म्हणायची, विषय संपला. फ्रिज, पंखा, पंप हे मात्र संपूर्ण गाण्याखाली पसरून बसतात आणि नंतर सॉफ्टवेअरनं काढायला गेलं की सोबत आवाजातला श्वासही निघून जातो. त्यांचा बंदोबस्त गाण्याआधीच करायचा. फ्रिज बंद करणार असाल तर घराची किल्ली त्यात ठेवा, म्हणजे तो पुन्हा सुरू केल्याशिवाय घराबाहेर पडणार नाही. ही युक्ती माझी नाही, पण एकदा दूध नासल्यावर मी ती उचलली.

मग खोलीच्या मधोमध उभं राहून एक टाळी वाजवा. टाळीमागून पत्र्यासारखी झिणझिण ऐकू आली तर समोरासमोरच्या दोन उघड्या भिंती आवाज एकमेकींकडे टोलवताहेत. गुळगुळीत भिंती, फरशी आणि पीओपीचं छत असलेल्या नव्या फ्लॅटमध्ये हे हमखास होतं. जुन्या घरातली कपड्यांनी, अंथरुणांनी, पुस्तकांनी भरलेली खोली पुष्कळदा जास्त चांगली वाजते.

यापेक्षा लबाड त्रास असतो खर्जाचा. दहा बाय दहाच्या खोलीत दोन भिंतींमधलं अंतर जेमतेम तीन मीटर. एवढ्या अंतरात सुमारे ५७ हर्ट्झ आणि त्याच्या पटीतल्या, म्हणजे ११४, १७१ अशा कंपनसंख्या ठाण मांडून बसतात. काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुषाचा मध्य षड्ज साधारण १३९ हर्ट्झचा असतो आणि त्याचा मंद्र शुद्ध धैवत ११६ ते ११७ च्या आसपास येतो. म्हणजे या खोलीत त्याचा मंद्र धैवत घुमणार आणि बाकीचे सूर तेवढे घुमणार नाहीत. ऐकणाऱ्याला वाटतं, गायकानं त्या सुरावर उगाच जोर दिला. स्वतः करून बघा: आकारात हळूहळू खाली उतरा आणि कोणत्या सुराला खोली अंगावर येते ते हेरा. मग तिथून दोन-तीन फूट सरकून पुन्हा म्हणा. बरोब्बर मधोमध आणि कोपरा, या दोन्ही जागा टाळा.

उपाय घरातलेच. गायकाच्या पाठीमागे गादी उभी करा किंवा दोरीवर दोन जाड गोधड्या टाका. बहुतेक लोक मऊ सामान माईकच्या मागे लावतात, ते उलटं आहे. गाण्यासाठी वापरतो तो माईक बहुधा कार्डिऑइड असतो, म्हणजे समोरचं ऐकतो आणि पाठीमागचं जवळजवळ सोडून देतो. त्याच्या समोर कोण? तुम्ही, आणि तुमच्या पाठीमागची भिंत. त्या भिंतीवरून परतणारा आवाज थेट त्याच्या तोंडात जातो, म्हणून आधी ती भिंत झाका. खाली सतरंजी अंथरा, कपाटाची दारं उघडी ठेवा. अंड्यांचे ट्रे आणि थर्माकोल मात्र भिंतीला चिकटवू नका. त्यांनी आवाज नावापुरताच शोषला जातो, बाहेरचा आवाज अडत नाही, आणि आगीला मात्र आयतं जळण मिळतं.

दुसरी पायरी: वीत आणि चार बोटं

माईक आणि ओठ यांतलं अंतर हा रेकॉर्डिंगमधला सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित भाग आहे. अंतर निम्मं केलं की तुमचा आवाज माईकपाशी ६ डेसिबलनं वाढतो आणि खोलीतला घुमारा मात्र होता तेवढाच राहतो. म्हणजे हातभर अंतरावरून वीतभर अंतरावर आलात की खोली आपोआप मागे हटते. वीत सोडून चार बोटांवर आलात की आणखी जवळजवळ १० डेसिबल. इतका फरक कुठल्याही नव्या माईकनं पडत नाही.

मग कायम चार बोटांवरच का नाही गायचं? कारण कार्डिऑइड माईकच्या फार जवळ गेलं की खर्ज फुगतो. आवाज भारदस्त वाटतो, निवेदनाला ते शोभतंही. पण अभंग गाताना मान जरा हलली की एक शब्द जाड आणि पुढचा पातळ होतो. आपल्याकडे तर गाताना मान, खांदे, हात सगळं गातं. त्यामुळे बैठकीत गाणाऱ्यांनी एक वीत, थोडं कमी-जास्त, हे अंतर धरावं. शब्दाशब्दावर ताबा असलेल्या, खालच्या आवाजात गुणगुणणाऱ्यांनी चार ते सहा बोटं. बसून गाणार असाल तर बुटका स्टँड घ्या. उंच स्टँड वाकवून माईक लोंबता ठेवला की तो तिसऱ्या ओळीपर्यंत हळूहळू खाली येतो.

पॉप फिल्टर लावाच. मराठीत प, ब आहेतच, वर फ आणि भ आहेत. 'भेटी लागी' म्हटलं की हवेचा झोत कॅप्सूलवर, म्हणजे माईकच्या आत आवाज पकडणाऱ्या चकतीवर, आदळतो आणि 'भप्प' असा धक्का रेकॉर्ड होतो. भरतकामाच्या रिंगमध्ये नायलॉनचा जुना मोजा ताणून बसवला तरी काम होतं. फिल्टर माईकपासून चार बोटं लांब ठेवा. तरीही धक्का येत असेल तर माईक तोंडासमोर सरळ न ठेवता गालाच्या बाजूनं थोडा तिरका ठेवा, रोख मात्र ओठांकडेच. झोत पुढे निघून जातो, आवाज मिळतो.

तिसरी पायरी: डायनॅमिक की कंडेन्सर

आता माईक. दोन जाती आहेत. डायनॅमिकमध्ये पडद्याला चिकटलेली तारेची गुंडाळी चुंबकाच्या क्षेत्रात हलते आणि वीज तयार होते. तो दणकट असतो आणि त्याला बाहेरून वीज लागत नाही. शूअर एसएम ५८, १९६६ साली आलेला, लग्नाच्या ऑर्केस्ट्रापासून कीर्तनापर्यंत सगळीकडे दिसतो तो, याच जातीतला. कंडेन्सरमध्ये अतिशय पातळ पडदा आणि त्यामागची तबकडी यांच्यातल्या विद्युतभारावर काम चालतं. तो बारीकसारीक जास्त टिपतो आणि त्याला इंटरफेसमधून, म्हणजे माईक लॅपटॉपला जोडणाऱ्या डबीतून, ४८ व्होल्टची फँटम पॉवर (माईकच्या केबलमधूनच जाणारी वीज) द्यावी लागते. बटण दाबायला विसरलात तर आवाजच येत नाही. दुकानात "बिघडलाय" म्हणून परत येणाऱ्या माईकांपैकी किती जणांचं दुखणं एवढंच असेल, कोण जाणे.

एक समज इथेच काढून टाकू. "डायनॅमिक माईक बाजूचा आवाज घेत नाही" असं सर्रास म्हटलं जातं. दोन्ही माईक सारख्याच दिशेनं ऐकणारे, म्हणजे दोन्ही कार्डिऑइड, घेऊन एकाच अंतरावर ठेवून तुमचा आवाज सारख्या पातळीवर आणलात तर खोलीही दोघांत जवळपास सारखीच येते. फरक पडतो तो सवयीचा: डायनॅमिक आपण ओठांना लावून वापरतो, कंडेन्सर वीतभर लांब. त्यात डायनॅमिक वरच्या कंपनसंख्या जरा कमी टिपतो, म्हणून गोंगाट दबल्यासारखा वाटतो.

तरीही गोंगाटाच्या घरात मी डायनॅमिकच सुचवतो, कारण तो जवळून गाण्याला रुसत नाही. त्याची किंमत दुसरीकडे मोजावी लागते. एसएम ५८ ची संवेदनशीलता एका पास्कलला (पास्कल हे आवाजाच्या दाबाचं माप) सुमारे १.८५ मिलीव्होल्ट आहे आणि रोड कंपनीच्या एनटी १ या कंडेन्सरची सुमारे ३५. म्हणजे डायनॅमिकला साधारण २५ डेसिबल जास्त गेन लागतो, म्हणजे इंटरफेसवर आवाज तेवढा जास्त वाढवावा लागतो. स्वस्त इंटरफेसचा नॉब शेवटपर्यंत फिरवला की मागे सळसळ ऐकू येते. जोरात गाणाऱ्याला ही अडचण येत नाही. पुटपुटल्यासारखं गाणाऱ्याला येते. शूअर एसएम ७बी तर याहून मंद, सुमारे १.१ मिलीव्होल्ट; चाळीस हजारांच्या घरातला माईक घेऊन पुन्हा बूस्टरची डबी घ्यावी लागते ती यामुळे.

एसएम ७ चं नाव निघालंच आहे तर सांगतो. १९८२ च्या 'थ्रिलर' अल्बममधलं मायकल जॅक्सनचं बरंचसं गायन ध्वनिमुद्रक ब्रूस स्वीडन यांनी याच मालिकेतल्या माईकवर घेतलं. ही गोष्ट ऐकून कितीतरी लोक तो माईक घेतात. ते गायन लॉस एंजेलिसच्या वेस्टलेक स्टुडिओत झालं होतं, हे वाक्य मात्र ऐकताना निसटतं.

चौथी पायरी: जास्तीचे पैसे कशाचे, हे समजून घ्या

महाग माईक "जास्त क्लिअर" असतो हा सगळ्यात मोठा गैरसमज. दुकानात उलटंच घडतं: स्वस्त कंडेन्सर जास्त क्लिअर वाटतो. यामागे एक छान कहाणी आहे.

१९६० साली न्यूमननं यू ६७ आणला. त्यातल्या के ६७ या कॅप्सूलला वरच्या कंपनसंख्यांमध्ये मुद्दाम उठाव दिलेला होता आणि आतल्या सर्किटनं तो उठाव पुन्हा खाली बसवला होता. आधी वाढवायचं, मग तेवढंच कमी करायचं. कमी करताना सर्किटची स्वतःची सळसळही कमी होते, हा त्यातला फायदा. १९६७ च्या यू ८७ मध्येही तीच रीत चालू राहिली. पुढे या कॅप्सूलच्या नकला भरमसाट निघाल्या, पण पुष्कळ स्वस्त माईकांमध्ये नक्कल फक्त कॅप्सूलची झाली. सर्किट आलं साधं, सरळ, उठाव खाली न बसवणारं. त्यामुळे तो उठाव तसाच बाहेर येतो. पहिल्या मिनिटाला वाटतं, वा, काय चकचकीत आहे! तिसऱ्या गाण्याला 'स' कानात सुईसारखा टोचायला लागतो.

मराठीसाठी हे दुखणं अधिकच. आपल्याकडे स, श, ष तर आहेतच, शिवाय च, ज, झ दोन-दोन तऱ्हांनी उच्चारले जातात. 'जग' म्हणजे दुनिया आणि 'जग' म्हणजे जगायला सांगणं, यांतला ज वेगळा. चमचा, जवळ, झाड, माझा यांतले दंत्य उच्चार दातांमागून हवेची धार सोडतात आणि ही धार साधारण ५ ते ९ किलोहर्ट्झमध्ये येते, म्हणजे नेमकी जिथे स्वस्त कंडेन्सरचा उठाव असतो तिथे. इंग्रजी गाण्यावर छान वाजणारा माईक 'माझा माझा' म्हणताना किरकिरतो तो याच कारणानं.

माझ्या आत्याचंच उदाहरण घ्या. आवाज पातळ, तार सप्तकात टोकदार, आणि चाळीस वर्षं भजनाची सवय. तिच्या मुलानं हौसेनं एक झगझगीत कंडेन्सर आणला. पहिल्या दिवशी घरभर कौतुक. आठवड्यानं ती म्हणाली, "अरे, यात मी भांडखोर बाईसारखी ऐकू येते." तिला नावं-आकडे काही माहीत नव्हते, पण निदान अचूक होतं. तिच्यासाठी शेवटी एसएम ५८ राहिला, त्या कंडेन्सरपेक्षा स्वस्त. उलट माझ्या एका मित्राचा आवाज जाड, जरा बुजलेला. त्याला तोच झगझगीत माईक झकास लागला, आणि तो अजून त्याच्याकडेच आहे.

पैशानं दुसरी गोष्ट मिळते ती म्हणजे शांतता. प्रत्येक कंडेन्सरची स्वतःची थोडी सळसळ असते. ऑडिओ टेक्निकाच्या एटी २०२० ची २० डेसिबल, एटी २०३५ ची १२, यू ८७ एआयची (म्हणजे आजच्या यू ८७ ची) कार्डिऑइडवर १२, आणि रोडच्या नव्या एनटी १ ची अवघी ४. आकडे नीट बघा: किमतीचा आणि शांततेचा इथे काहीच मेळ नाही. पंचवीस हजारांच्या आतला माईक तीन लाखांच्या माईकपेक्षा शांत आहे. मग या आकड्यांना महत्त्व किती? पोवाडा किंवा जोरकस नाट्यगीत गाणाऱ्याला २० डेसिबलही पुरेसे, तिथे सळसळ ऐकायला उसंतच नसते. अंगाईगीत, गझल, कवितावाचन असेल तर १२ च्या खालचा बघा. "खोलीतच तीस-पस्तीस डेसिबल गोंगाट आहे, मग माईकच्या वीसनं काय होतंय?" असं कुणी म्हणेल. अर्धं खरं आहे. खोलीचा गोंगाट बहुतेक खालच्या कंपनसंख्यांचा असतो, माईकची सळसळ वरच्या. त्यामुळे एकानं दुसरं पूर्ण झाकलं जात नाही.

तिसरी गोष्ट, जिच्याबद्दल जाहिरातीत फारसं बोलत नाहीत: सातत्य. महाग माईकचे दोन नग घेतले तर ते एकमेकांसारखे वाजतात, आणि गायक थोडा बाजूला कलला तरी आवाजाचा रंग फारसा बदलत नाही. स्वस्तात मान कलली की रंग बदलतो. शिवाय न्यूमन किंवा शूअरचा माईक पंधरा वर्षांनीही दुरुस्त होतो, विकलाही जातो. बिनानावाच्या माईकचं पाच वर्षांनी पेपरवेट होतं.

आणि दीड हजारांचे ते चमकदार संच, बीएम ८०० वगैरे नावानं मिळणारे, स्प्रिंगचा हात आणि फोमची टोपी सकट? मोठ्या जाळीच्या आत बहुधा नखाएवढी इलेक्ट्रेट, म्हणजे विद्युतभार कायमचा भरून ठेवलेली, कॅप्सूल असते. इलेक्ट्रेट वाईट नसते, एटी २०२० ही त्याच तत्त्वावर चालतो. इथे वाईट आहे तो बाकीचा सगळा ऐवज. त्यापेक्षा चालू फोन गोधडीखाली घेऊन गा.

पाचवी पायरी: डोळे झाकून निवडा

माईक हातात येण्याआधी दहा व्हिडिओ पाहण्यापेक्षा मित्राचा, मंडळाचा, भाड्याचा, कसाही दोन माईकांचा जोड अर्ध्या दिवसासाठी मिळवा. मग असं करा.

दोन्ही माईक शेजारी-शेजारी, जाळ्या एका रेषेत, ओठांपासून वीतभर. दोन्ही एकाच वेळी रेकॉर्ड करा, म्हणजे गायन तेच राहील. आधी हे वाक्य बोला: "भाऊ, फाटकापाशी भोपळा ठेव, चमचा, झाडू आणि जुनी चटई जवळ असू दे, शेजारची सुशीला साडेसहाला येईल." हसू आलं तरी चालेल, पण भ, फ, प, दंत्य च-ज-झ, स आणि श सगळे यात आहेत. मग तुमच्या नेहमीच्या गाण्यातल्या दोन ओळी, एक खर्जातली आणि एक तार सप्तकातली. शेवटी दहा सेकंद गप्प.

गेन लावताना तार षड्जावर लावा, मुखड्यावर नाही. मुखडा आपण बेतानं घेतो आणि अंतऱ्यात सुटतो. तिथे आवाज फाटला तर तो कशानंही सांधत नाही. २४ बिटवर रेकॉर्ड करत असाल तर सर्वांत मोठा सूर उणे १० ते उणे ६ डेसिबलच्या दरम्यान आला की पुरे.

आता महत्त्वाचं. ऐकण्याआधी दोन्ही फायलींची पातळी सारखी करा. जे थोडं मोठं वाजतं ते आपल्याला चांगलं वाटतं, अर्ध्या-एका डेसिबलनंही निकाल फिरतो. मग घरातल्या कुणाला तरी फायलींना 'क' आणि 'ख' अशी नावं द्यायला सांगा आणि कोणती कुठली ते तुम्हाला कळू देऊ नका. सहा-सात वेळा, क्रम बदलून, हेडफोनवर आणि साध्या स्पीकरवरही ऐका, आणि दर वेळी पसंती लिहून ठेवा. तीनदा 'क', चारदा 'ख' असा घोळ झाला तर तुमच्या आवाजाला, तुमच्या खोलीत, त्या दोन माईकांत फरक नाही असं समजा आणि स्वस्त घ्या. मी ही परीक्षा बऱ्याच जणांची घेतली आहे. निकाल उघड केल्यावर चेहरे पाहण्यासारखे असतात, माझाही एकदा होता.

सहावी पायरी: पैसे वाटा

किमती सणासुदीला आणि डॉलरबरोबर हलतात, तेव्हा पुढचे आकडे अंदाजाचे समजा.

पाच-सात हजार असतील तर थेट यूएसबीनं लॅपटॉपला जोडता येईल असा डायनॅमिक बघा. सॅमसन क्यू २ यू सारख्या माईकला यूएसबी आणि एक्सएलआर (इंटरफेसला जोडायचं तीन पिनांचं) अशी दोन्ही तोंडं असतात, म्हणजे पुढे इंटरफेस घेतलात तरी माईक वाया जात नाही.

पंचवीस हजारांच्या आसपास बहुतेकांचं काम व्यवस्थित होतं, आणि मला विचाराल तर घरी गाणाऱ्या दहातल्या आठ जणांनी इथेच थांबावं. फोकसराइट स्कार्लेट सोलोसारखा एक इंटरफेस, एसएम ५८ किंवा एटी २०२० यांतला परीक्षेत पास झालेला एक, आणि कान पूर्ण झाकणारे क्लोज्ड बॅक हेडफोन. हेडफोनवर काटकसर करू नका. तानपुरा किंवा ट्रॅक कानातून बाहेर झिरपला की माईक तो पकडतो, आणि मग गायन वेगळं काढता येत नाही. स्टँड, केबल आणि पॉप फिल्टर मिळून दोन-अडीच हजार बाजूला ठेवा. हलका स्टँड घेऊन माईक पाडलेले लोक मला माहीत आहेत. त्यातला एक मी.

पन्नास हजार हाताशी असतील तर माझा सल्ला लोकांना आवडत नाही: माईक एनटी १ किंवा एटी २०३५ च्या वर नेऊ नका, उरलेले पैसे खोलीत घाला. जाड रॉकवूलचे (दगडाच्या तंतूंची लोकर), कापडानं मढवलेले चार-सहा पॅनेल सुताराकडून करून घेता येतात. सुतार "हे कशाला?" असं विचारेल. विचारू द्या.

लाखाच्या वर? तुमचं पोट गाण्यावर असेल, रोज दोन-चार जणांचे आवाज रेकॉर्ड करत असाल, आणि खोलीवर आधीच खर्च झाला असेल, तर न्यूमन टीएलएम १०३ पासून पुढे बघा. एरवी वर्षातून एखादा अल्बम किंवा दोन-तीन गाणी करायची असतील तर तालमी आणि कच्चं रेकॉर्डिंग घरी करा आणि अंतिम गायनासाठी तासावर स्टुडिओ घ्या. मुंबई, पुणे, कोल्हापूर, नागपूर, पणजी, कुठेही असलात तरी आसपास एखादा मिळतो. तिथे महाग माईक असतोच, वर त्याला साजेशी खोली आणि कान असलेला माणूसही मिळतो. जाण्याआधी फोनवर दोन प्रश्न विचारा: गायनासाठी कोणते माईक आहेत, आणि त्यातले दोन-तीन पहिल्या दहा मिनिटांत ऐकून निवडता येतील का? दुसऱ्या प्रश्नाला कुरकुर झाली तर दुसरा स्टुडिओ बघा.

सातवी पायरी: दुकानात

मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात तपकीर गल्ली किंवा ऑनलाइन, कुठूनही घ्या, पण बिल पक्कं, जीएसटीचं घ्या आणि त्यावर सिरियल नंबर लिहून मागा. एसएम ५८ चे नकली नग फार फिरतात. मला स्वतःला एकदा असा मिळाला आहे. खोका इतका हुबेहूब की घरी येऊन गाईपर्यंत शंका आली नाही. नऊ-दहा हजारांचा माईक कुणी साडेतीन हजाराला देत असेल तर घासाघीस न करता मागे फिरा. अस्सल एसएम ५८ चं वजन २९८ ग्रॅम असतं, स्वयंपाकघरातल्या काट्यावर सहज तपासता येतं. वजन जुळलं म्हणजे खरा ठरला असं नाही, पण २३० भरलं तर बोलणंच संपलं.

कंडेन्सर घेताना दुकानातच जोडून, गेन वाढवून, कुणी न बोलता पंधरा सेकंद ऐका. सळसळ एकसारखी असली तर ठीक. मधेच फुटाणे फुटल्यासारखं तडतडलं तर दुसरा नग मागा. घरी आल्यावर घूं असा बारीक आवाज आला तर माईकला दोष देण्याआधी लॅपटॉपचा चार्जर काढून बघा. घूं गेला तर दोष अर्थिंगचा आहे. जुन्या वाड्यांत आणि चाळींत दोन पिनांचे बोर्ड असतात, तिथे हे नेहमीचंच. अशा घरी लॅपटॉप बॅटरीवर ठेवून गा आणि सवडीनं वायरमनला बोलवा.

पावसाळा

कंडेन्सरचा पडदा काही मायक्रॉनचा. मुंबई, कोकण, गोव्यात जून ते सप्टेंबर हवेत जो ओलावा असतो तो पडद्यावर बसला की माईक तडतडतो किंवा आवाज अचानक बसतो. स्टँडवर लावून, कापड टाकून ठेवणं पुरेसं नाही. गाणं झालं की फँटम पॉवर बंद करा, एक मिनिट थांबा, मग माईक काढून घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या दोन पुड्यांसह ठेवा. रंग बदलणारी जेल घेतलीत तर कधी ओली झाली ते दिसतं. तव्यावर मंद आचेवर कोरडी करून पुन्हा वापरता येते, पण तो तवा पोळ्यांचा नको. तडतड सुरू झालीच तर माईक उघडू नका, कॅप्सूलवर फुंकर मारू नका, हेअर ड्रायर तर लांबच ठेवा. दोन दिवस डब्यात कोरड्या पुड्यांबरोबर राहू द्या. बहुतेक वेळा आवाज परत येतो. तोवर डायनॅमिक वापरा.